आमा-लाची कोरा

२०१४च्या मे महिन्यात कैलास-मानसरोवर यात्रेच्या सोडतीत माझं नाव लागलं. घरी सांगून झालं आणि दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, मी तिबेटी कॅम्पला गेले.

कॅम्प म्हणजे नोर्गेलिंग. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ ही तिबेटी लोकांची वसाहत आहे. १९७२ साली ती वसली तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आता गोंदियात आहे. इथले लोक पावसाळ्यात आमच्यासारखाच धान लावतात आणि थंडी पडली की स्वेटरांची गाठोडी घेऊन गावोगावच्या बाजारांत जातात. माझी शाळेपासूनची मैत्रीण इथलीच. तिच्या आईला मी लहानपणापासून आमा-ला म्हणते. आमा म्हणजे आई, आणि 'ला' आदराचा, आपल्या 'जी'सारखा.

आमा-ला तेव्हा ऐंशीची होती. व्हरांड्यात कूलरसमोर बसून ती मणीचक्र, म्हणजे मंत्र भरलेलं हातातलं चक्र, फिरवत होती. मी मैत्रिणीला सोडतीचं सांगत होते, तिचं लक्ष नव्हतं. मैत्रीण तिच्याकडे वळून 'गांग रिंपोछे' एवढंच म्हणाली आणि चक्र थांबलं. कैलासाचं ते तिबेटी नाव. हिमाचं रत्न असा त्याचा अर्थ.

आमा-ला उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात पांढऱ्या कापडाची पुरचुंडी होती. पांढऱ्या केसांची एक बट कापून तिने तीत बांधली होती.

"मले बी घेऊन जा थोडीशी," ती म्हणाली. चाळीस वर्षं इथे राहून तिची मराठी आमच्या झाडीपट्टीची झाली आहे. "शिवात्सेलले ठेवजो."

शिवात्सेल काय ते मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं आणि विचारलं, "तुमच्यासाठी काय मागू तिथे?" ती दोनच शब्द बोलली, 'सेमचेन थामचे'. मैत्रिणीने अर्थ सांगितला, जीव आहे ते सगळे. मला वाटलं, माझा प्रश्न तिला नीट कळला नसावा. पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

मग मैत्रिणीने आईची हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत मी ती कधी विचारली नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं. आमा-ला जन्मली ती पुरांगच्या बाजूला, जिथून पुढे कैलासाला जातात. घरच्या मेंढ्या होत्या. त्यांच्या पाठीवर मिठाच्या छोट्या पिशव्या लादून वडील दक्षिणेकडे व्यापाराला यायचे. १९५४ साली, वीस वर्षांची असताना, तिने आईसोबत कैलासाच्या तीन प्रदक्षिणा केल्या. ते अश्ववर्ष होतं. तिबेटी लोक अश्ववर्ष कैलासाचं स्वतःचं वर्ष मानतात, आणि त्या वर्षातली एक प्रदक्षिणा तेराच्या बरोबरीची धरतात. पाच वर्षांनी देश सुटला. हिमाचलात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मग इथे धानाचे बांध. अश्ववर्षं बारा वर्षांनी येत राहिली, चार हुकली.

२०१४ नुसतं अश्ववर्ष नव्हतं. त्यांच्या साठ वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला प्राण्याबरोबर एक तत्त्वही असतं. १९५४ लाकूड-अश्व होतं आणि बरोबर साठ वर्षांनी २०१४ पुन्हा लाकूड-अश्व. घरी येऊन मी भिंतीवरचं पंचांग पाहिलं, शके १९३६, जय नाम संवत्सर. पुढे शोधून वाचलं तेव्हा थक्क झाले. तिबेटी साठ वर्षांचं चक्र आपल्याच प्रभव-विभव संवत्सरांचं आहे. कालचक्र या बौद्ध तंत्राच्या शिकवणीबरोबर ते तिकडे गेलं आणि १०२७ सालापासून मोजलं जातं. चक्राला ते 'रबजुंग' म्हणतात, तो 'प्रभव' या शब्दाचाच तिबेटी अनुवाद. आणि लाकूड-अश्व हे त्यातलं अठ्ठाविसावं वर्ष, म्हणजे जय. आमा-लाचं आणि माझं वर्ष एकच होतं.

दिल्लीतल्या वैद्यकीय तपासण्या, व्हिसा, धारचुला, तिथून पायी गाला, बुधी, गुंजी या सगळ्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी थांबत नाही. एवढंच सांगते की आमच्या तुकडीला स्पष्ट सूचना होती, दलाई लामांचं चित्र किंवा पुस्तक कोणाच्याही सामानात नको. माझ्या सामानात केसांची बट होती. ती मी दासबोधाच्या छोट्या प्रतीत ठेवली होती.

लिपुलेख खिंड आम्ही पहाटेच्या काळोखात चढलो. पाच हजार मीटरपेक्षा उंच, वारा असा की बोलता येत नव्हतं. पलीकडे उतरलो आणि घड्याळं अडीच तास पुढे केली. पुढे बसने तकलाकोट. तेच आमा-लाचं पुरांग.

तिथे दोन दिवस मुक्काम होता. पैसे बदलणं, कागदपत्रं, हवेची सवय. बरोबरचे बहुतेक जण खोलीत पडून होते. मी पहाटे उठून बाहेर पडले. मला तिच्या गावची माणसं बघायची होती.

एका मणी-भिंतीभोवती म्हातारी माणसं फिरत होती. मंत्र कोरलेले दगड एकावर एक रचून ही भिंत होते. भिंत उजव्या हाताला ठेवून सगळे चालत होते, हातात १०८ मण्यांची माळ, ओठांवर 'ओम मणि पेमे हुंग'. मला वाटलं होतं तसं तिथे गंभीर शांत वातावरण अजिबात नव्हतं. दोन आजीबाई चालता चालता जोरजोरात गप्पा मारत होत्या, मधेच मंत्र, मधेच हसू. एक बाई पाठीवर तान्हं बांधून आली. अंगात छुबा म्हणजे पायघोळ अंगरखा, पुढे आडव्या रंगीत पट्ट्यांचा पांगदेन. तो लग्न झालेल्या बाईचा. तिने तीन फेऱ्या मारल्या आणि समोरचंच आपलं दुकान उघडून बूट-मोजे मांडायला लागली. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा परत येऊन आणखी एक फेरी मारली. आपल्याकडे देवपूजा आटोपून माणूस कामाला लागतो. इथे काम आणि फेरी एकमेकांत मिसळलेली होती, वेणीच्या पेडांसारखी.

त्या दुकानदारणीने मला आत बोलावून चहा दिला. विटेसारख्या थापलेल्या चहाचा काढा, त्यात मीठ आणि लोणी, आणि हे सगळं उंच लाकडी नळकांड्यात दट्ट्याने घुसळलेलं. नोर्गेलिंगमध्ये मी हा चहा लहानपणी तोंड वाकडं करून प्यायले आहे. तिथल्या उन्हाळ्यात तो खरोखर जड होतो. इथे, फुटलेल्या ओठांना आणि कोरड्या पडलेल्या घशाला, तो औषधासारखा लागला. प्रत्येक घोटानंतर ती कप पुन्हा काठोकाठ भरत होती. निघायच्या वेळी एकदाच सगळा प्यायचा, ही रीत मला माहीत होती, तशी मी वागले. तिला ते लक्षात आलं आणि तिने नीट माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थुजेछे." धन्यवाद. ती हसून तिबेटीत बरंच काही बोलली, त्यातलं मला 'ग्यागार' एवढंच कळलं. ग्यागार म्हणजे भारत.

दारचेनला, कैलासाच्या पायथ्याशी, सामान उचलणारे चिठ्ठी टाकून ठरतात. माझ्या वाट्याला विशी-बाविशीची मुलगी आली. गालांवर उन्हाने पडलेले लाल चट्टे, केसांत लाल लोकर गुंफलेली, पायात कापडी बूट. नेपाळी आणि भारतीय व्यापाऱ्यांमुळे थोडंफार हिंदी येत होतं. माझी पिशवी तिने स्वतःच्या गाठोड्यावर बांधली आणि खिशातून माळ काढली. माळेला बाजूला एक छोटी दोरी होती, त्यावर सरकणारे मणी. त्या वर्षातली तिची ही नववी कोरा, म्हणजे कैलासाची प्रदक्षिणा, होती.

मी विचारलं, पैसे घेऊन केलेली कोरा मोजतात का? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने आधी माझ्या पिशवीवर हात ठेवला, मग खाली वाकून स्वतःच्या पायांवर दोन थापा मारल्या. पाय माझेच आहेत ना, असं. मला ते पटलं.

कोरा म्हणजे फेरी, आणि यात्रेला ते 'नेकोर' म्हणतात, पवित्र जागेला घातलेली फेरी. शब्दातच देवाचं दर्शन घेऊन परत फिरणं नाही. कैलासाची कोरा साधारण ५२ किलोमीटरची आहे. आम्ही ती तीन दिवसांत करतो. तिबेटी माणसं रात्री दोन-तीनला दारचेनहून निघतात आणि अंधार पडता पडता परत येतात. एका दिवसात. पहिल्या दिवशी यमद्वारापासून (ते त्याला छोर्तेन कांग्नी म्हणतात) दिरापुककडे चालताना ती आम्हाला मागे टाकत जात होती. कुटुंबंच्या कुटुंबं, आजोबा, नातवंडं, एका बाईच्या हातात थर्मास. जवळच तारबोछेचा उंच खांब होता. सागा दावाच्या, म्हणजे बुद्धाच्या पवित्र महिन्याच्या, पौर्णिमेला तो दरवर्षी उतरवून नव्या पताका बांधून पुन्हा उभा करतात. पताकांचे रंग अजून कोरे होते. निळा आकाशाचा, पांढरा वाऱ्याचा, तांबडा अग्नीचा, हिरवा पाण्याचा, पिवळा मातीचा.

एक गृहस्थ उलट दिशेने येताना दिसले. मला वाटलं, तब्येत बिघडून परतत असावेत. मुलीने सांगितलं, ते बोनपो. बोन हा तिथला वेगळा, फार जुना धर्म. त्यांची फेरी डावीकडून असते आणि मंत्रही निराळा. ते जवळ आले, दोघांनी एकमेकांना वाट दिली आणि दोन शब्द बोलून आपापल्या दिशेने गेले.

पण त्या दिवशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते लोटांगण घालत निघालेल्या एका आई आणि दोन मुलींपाशी. लोटांगण मी पंढरपुरात पाहिलं आहे, माझ्या आजीने घातलंही आहे. हे वेगळं. हात जोडून आधी डोक्यावर, मग कंठाशी, मग छातीशी नेतात, आणि तळहाताला बांधलेल्या लाकडी फळ्यांवर घसरत पूर्ण आडवं होतात. बोटं जिथे पोचतात तिथे उठून उभं राहायचं आणि तिथूनच पुढचं. अंगावर चामड्याचा जाड झगा, तरी कोपरापाशी फाटलेला. तिघींच्या कपाळावर मध्यभागी घट्टा पडला होता. अशी पूर्ण कोरा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. संध्याकाळी थांबतात तिथे दगडाची खूण करतात, दुसऱ्या दिवशी त्याच दगडापासून सुरुवात.

पुढे एक ओढा होता. पाण्यात आडवं कसं होणार? मला वाटलं, ओढा चालून पार करतील आणि पुढे सुरू करतील. आईने काठावर उभं राहून पात्राची रुंदी डोळ्यांनी मोजली, मुलींशी काही बोलणं झालं, आणि तिघींनी अलीकडच्या काठावरच, जागा न सोडता, सात लोटांगणं घातली. मग बूट काढून ओढा ओलांडला. त्यांना पाहणारी मी एकटी होते. हिशेब त्यांचा त्यांच्याशीच होता.

ओढ्यापलीकडे त्या टेकल्या. मोठ्या मुलीने वाडग्यात त्सांपा मळला. भाजलेल्या जवाचं पीठ, आपल्या सातूच्या जातीचं, त्यात चहा घालून मुठीत वळलेला गोळा. तिने एक गोळा माझ्या हातात दिला, माझ्या मुलीला एक. (सोबतच्या मुलीला मी तोवर माझी मुलगी म्हणायला लागले होते.) इतकं अंग मोडून त्यांनी नेलेलं अन्न मी कसं घ्यावं? मी नको म्हटलं. माझ्या मुलीने कोपराने ढोसून सांगितलं, घे. मी खाल्लं. आईला विचारायला लावलं, ही कोरा कशासाठी? घरात कोणी आजारी आहे का, काही नवस? ती बाई थोडी गोंधळली आणि मग म्हणाली, "सेमचेन थामचे." नोर्गेलिंगच्या व्हरांड्यातले तेच दोन शब्द. मला एकदम रडू आलं. मी दिल्लीपासून मनात यादी घेऊन निघाले होते, मुलाची नोकरी, नवऱ्याची साखर, माझा गुडघा.

रात्री दिरापुकला कैलासाचा उत्तरेकडचा कडा समोर होता, चंद्र नव्हता तरी दिसत होता. त्याच्या ६,६३८ मीटरच्या शिखरावर कोणी चढलेलं नाही. दिरापुकच्या गुहेची गोष्ट मुलीने सांगितली. गोत्सांग्पा नावाचे सिद्ध तेराव्या शतकात वाट शोधत होते, तेव्हा एक द्री, म्हणजे याकची मादी, त्यांना इथपर्यंत घेऊन आली आणि गुहेत नाहीशी झाली. दगडावर शिंगांचे ठसे राहिले. डोकं ठणकत होतं, झोप आली नाही.

दुसरा दिवस सगळ्यात लांब. पहाटे निघालो, वीस पावलं चालायची आणि उभं राहायचं. डोल्मा ला (इथे 'ला' म्हणजे खिंड) अजून बरीच वर असताना वाटेच्या कडेला कपड्यांचा ढीग दिसू लागला. सदरे, टोप्या, लहान मुलांचे मोजे, दगडांना बांधलेल्या वेण्या. मुलगी थांबली. "शिवात्सेल."

नावाचं मूळ भारतातलं आहे, गयेजवळचं शीतवन, थंड स्मशान. इथे माणूस आपलं काहीतरी ठेवतो, कपडा, केस, कोणी रक्ताचा थेंब, आणि क्षणभर मरतो. मग वर डोल्मा लाला पोचला की नवा जन्म.

मी दासबोध उघडून पुरचुंडी काढली. तिने विचारलं, कोणाचे? मी म्हटलं, "आमा-ला. ग्यागार." आणि हाताने दक्षिणेकडे दाखवलं, मग खाली, खूप खाली. ती पुरांगची, साठ वर्षांपूर्वी इथे आली होती, एवढं तोडक्या हिंदीत सांगितलं. मुलगी काही बोलली नाही. तिने पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि मला परत दिली. मी केस एका सपाट दगडाखाली ठेवले. मला वाटलं झालं. तिने मान हलवली, माझ्या खांद्याला धरून खाली बसवलं आणि दगडाशेजारी आडवं व्हायला सांगितलं. जी आली नाही तिच्या वतीने.

मी उताणी पडले. पाठीखाली बर्फाळ खडी, वर गडद निळं आकाश. मुलगी उशाशी बसून मंत्र म्हणत होती. किती वेळ ते सांगता येत नाही, फार नसेल. माझ्या श्वासाचा आवाज मोठा होता. आमा-लाचा कूलर, तिच्या पायांशी झोपणारी मांजर, बांधावर वाकून रोवणी करताना तिने घातलेली टोपी, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. मग मुलीने हात धरून उठवलं आणि माझी पाठ झटकली.

डोल्मा ला ५,६३० मीटरवर आहे. तारादेवीच्या शिळेवर पताकांचे इतके थर की खालचा दगड दिसत नाही. आमच्या आधी पोचलेलं एक कुटुंब मुठीतला त्सांपा हवेत उधळून ओरडत होतं, "क्यि क्यि सो सो ल्हा ग्यालो!" देवांचा जय. मीही ओरडले, आवाज फुटला नाही तरी. त्या आजोबांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. आपल्या देवळात देतात तशीच. मी यादीतलं काहीही मागितलं नाही. त्या वेळी ती आठवलीच नाही, हे खरं.

पुढची उतरण, गौरीकुंडाचं हिरवं पाणी, झुथुलफुकला सिद्ध मिलारेपाची गुहा, मग मानसरोवराचे दिवस. सरोवरात आमच्यातल्या पुष्कळांनी स्नान केलं. काठाने चाललेली तिबेटी माणसं ओंजळभर पाणी पिऊन, डोक्याला लावून पुढे जात होती, त्यांना सरोवराची फेरी पुरी करायची होती. दारचेनला मुलीचा निरोप घेताना मी तिला माझी लोकरीची शाल दिली. तिने दोरीवरचा एक मणी सरकवून मला दाखवला. नऊ. "काले शू," मी म्हटलं. ती क्षणभर थांबली. ते राहणाऱ्याला म्हणतात, आणि ती तिथेच राहणार होती, म्हणून माझं बरोबर होतं का, असं तिने बोटांवर मोजून पाहिलं आणि मान डोलावली. मग मला म्हणाली, "काले फे." जपून जा.

परत तकलाकोटला आल्यावर त्या बूट-मोजेवालीच्या मदतीने बाजारातून दोन किलो त्सांपा घेतला.

ऑगस्टमध्ये नोर्गेलिंगला गेले तेव्हा रोवणी संपत आली होती, सगळीकडे हिरवं आणि चिखल. आमा-लाने डोंगराचं काही विचारलं नाही. पुरांगच्या बायका पांगदेन अजून घालतात का, मीठ कुठून येतं, मेंढ्या दिसल्या का, हे विचारलं. मेंढ्या दिसल्या, पाठीवर ओझं नव्हतं. केस ठेवले ते सांगितलं. कोणत्या हाताने, असं विचारलं. दोन्ही, मी म्हटलं.

पिशवी उघडून तिने चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. जरा वेळ डोळे मिटून होती. मग म्हणाली, "कच्चं हाय." चूल पेटवायला लावली, लोखंडी कढई चढवली आणि सगळं पीठ स्वतः पुन्हा परतलं. ऐंशी वर्षांची बाई, पाऊण तास, झारा हातातून सोडला नाही. वास व्हरांड्याबाहेर गेला तशी शेजारची पोरं येऊन उभी राहिली. तिने वर्तमानपत्राचे तुकडे फाडले आणि ओंजळ-ओंजळ पुड्या बांधायला सुरुवात केली. ही खालच्या ओळीतल्या घरांची, ही गोम्पात म्हणजे मठात, ही चक्कीवाल्या मराठी भाऊंच्या घरी, ही माझी. शेवटची मूठ तिने अंगणातल्या कोंबड्यांना टाकली. पिशवी उलटी करून झटकली आणि घडी घालून माझ्या हातात दिली.